पाणी उतरल्यावर : काठावरच्या चिमुकल्या मॉसविषयी

प्रस्तावना

उजनीचं पाणी मागे सरकू लागलं की जी जमीन उघडी पडते, तिच्यात गाळपेर होते. गाळपेर करणाऱ्याचा हिशेब साधा असतो. ओल आहे तोवर उगवायचं आणि पाणी पुन्हा चढायच्या आत पीक घरात आणायचं. याच हिशेबावर जगणारा मॉस वनस्पतींचा एक गट आहे. तळी, नद्या, धरणं, मासे पाळायचे तलाव, जिथं म्हणून पाणी वर्षातले काही महिने चढतं आणि काही महिने उतरतं, तिथल्या उघड्या चिखलावर ही मॉस उगवतात, सहा-आठ आठवड्यांत बीजाणू तयार करतात आणि नाहीशी होतात. एखाद-दुसरं मिलिमीटर उंची म्हणजे यांच्यातली नेहमीची उंची, पाच मिलिमीटर म्हणजे धिप्पाड. उभ्यानं पाहणाऱ्याला ती दिसतच नाहीत. दिसलाच तर चिखलावरचा एक हिरवट लेप दिसतो, आणि त्याला शेवाळ म्हणून आपण पुढे जातो.

त्या लेपात खरोखरीचं शेवाळ असतंही. शेजारी रिक्सियाच्या चपट्या हिरव्या चकत्या असतात, गवताची कोवळी रोपं असतात, आणि या सगळ्यांच्या मधे मॉस. त्यांना एकमेकांपासून वेगळं कसं काढायचं, नाव कसं द्यायचं आणि नाव दिल्यावर कोणत्या कुळात बसवायचं, हा या पुस्तकाचा विषय आहे. पुढच्या पानांतल्या बहुतेक जाती युरोपातल्या आहेत. असं का, हा प्रश्न वाचक विचारणारच. उत्तर एवढंच, की या गटाचा सर्वांत बारकाईनं अभ्यास तिथं झाला आहे, तिथले घोळही सर्वांत नीट नोंदले गेले आहेत, आणि हा विषय शिकायचा तर घोळांतूनच शिकावा लागतो.

घोळाचं मूळ एका गोष्टीत आहे. मॉसचं वर्गीकरण शे-दीडशे वर्षं मुख्यतः संपुटावर उभं होतं. संपुट म्हणजे बीजाणूंची डबी. अकरावीच्या पुस्तकातलं फ्युनारिया आठवून पाहा. पानांच्या झुबक्यातून वर आलेला लांब दांडा, त्याच्या टोकाला वाकलेलं संपुट, संपुटावर टोपी, टोपीखाली झाकण, आणि झाकण उडालं की आत दातांची दोन वर्तुळं. हवा कोरडी-दमट होईल तसे हे दात हलतात आणि बीजाणू थोडे थोडे बाहेर सोडतात. दातांची संख्या, त्यांच्यावरच्या रेघा, झाकणाची चोच, दांड्याची लांबी, या सगळ्यांवर कुळं आणि प्रजाती बेतल्या गेल्या. आता काठावरचं मॉस हाती घ्या. दांडा नाही. झाकण नाही. दात नाहीत. पानांत बुडालेला एक गोळा आहे, तो कुजून किंवा फुटून उघडतो. ज्या खुणांवर नातं ठरवायचं, त्याच इथं नाहीत.

मग एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी सोपा मार्ग काढला. ज्यांच्या संपुटाला झाकण नाही ती सगळी एका बाजूला, ज्यांना आहे ती दुसऱ्या बाजूला. झाकण नसणाऱ्यांना क्लाइस्टोकार्पी म्हणत. टेबलावर नमुने लावायला ही सोय उत्तम होती, नाती शोधायला मात्र ती घातक ठरली. या पुस्तकामागचं माझं म्हणणंही इथंच येतं, ते आधीच सांगून टाकतो : एखादी गोष्ट नसणं हा नात्याचा पुरावा होऊ शकत नाही. दोन घराण्यांतल्या दोघांनी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी तीच वस्तू टाकून दिलेली असू शकते. काठावरच्या मॉसनी नेमकं हेच केलेलं आहे, तेही अनेकदा.

टाकून का दिली, हे चिखलाकडे पाहिलं की कळतं. दांडा वाढवायला वेळ लागतो, आणि इथं वेळच नाही. दांड्याचा उपयोग काय, तर बीजाणू वाऱ्यावर दूर पाठवणं. पण ज्या मॉसला पुढच्या मोसमात याच चिखलात उगवायचं आहे, त्याला दूर जाऊन मिळणार काय? दूर म्हणजे झाडी, खडक, नांगरट, सगळी परकी जागा. म्हणून बीजाणू पायाशीच पडलेले बरे. ते मोठे आणि भक्कम असावेत, पाण्याखाली टिकावेत आणि पाणी उतरताच एकदम कामाला लागावेत. फ्युनारियाचे बीजाणू 20 मायक्रॉनच्या आत-बाहेर असतात आणि एका संपुटात हजारोंनी असतात. एफिमेरम या काठावरच्या मॉसचे बीजाणू सहसा 50 मायक्रॉनच्या वर जातात आणि संख्येनं फार कमी असतात. आर्किडियम तर टोकाचं. त्याचा बीजाणू 200 मायक्रॉनच्या घरात जाऊ शकतो, म्हणजे भिंगाशिवायही ठिपक्यासारखा दिसावा, आणि एका संपुटात असे चार ते फार तर काही डझन. मॉसमध्ये याहून मोठा बीजाणू नाही.

बीजाणू चिखलात किती काळ दम धरतात, याची कल्पना इंग्लंडमधल्या जलाशयांवरून येते. फिस्कोमिट्रियम स्फेरिकम हे तिथलं दुर्मीळ मॉस वर्षानुवर्षं दिसत नाही. मग एखादा उन्हाळा कोरडा जातो, पाणी नेहमीपेक्षा खाली उतरतं आणि ते पट्टेच्या पट्टे भरून उगवतं. पाणी चढलं की पुन्हा गायब. त्यामुळे अशा मॉसच्या बाबतीत ‘इथून नाहीसं झालं’ असा शेरा मारण्याची घाई करू नये. चिखल भरलेला असतो, आपल्याला दिसत नाही इतकंच. डार्विननं एका लहान तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल घरात सहा महिने झाकून ठेवला होता आणि उगवेल ते रोप उपटून मोजलं होतं. आकडा 537 वर गेला. ती बहुतेक फुलझाडं होती, पण एका चहाच्या कपात मावेल एवढ्या चिखलाची कोठी किती खोल असते हे त्यावरून कळतं. पाणपक्ष्यांच्या पायांना तोच चिखल लागतो आणि एका तळ्यावरून दुसऱ्यावर जातो, हा त्याचाच मुद्दा होता. वाऱ्याकडे पाठ फिरवलेली ही मॉस इतक्या दूरदूरच्या तळ्यांवर कशी पोचली असतील, याचं एक उत्तर त्यात मिळतं.

आता इतिहासाकडे. तो एकाच जातीचा धागा धरून सांगितला तर पुरे.

योहान हेडविग (1730–1799) हा पेशानं डॉक्टर. केम्निट्झमध्ये रुग्ण तपासायचे आणि उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकाला द्यायचा, असा त्याचा दिनक्रम होता. मॉसमध्ये नर आणि मादी अवयव असतात हे त्यानं दाखवलं. त्याचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1801 साली छापला गेला, आणि स्फॅग्नम वगळता साऱ्या मॉसच्या शास्त्रीय नावांचा आरंभ आजही त्याच ग्रंथापासून धरतात. त्या ग्रंथात फॅस्कम पेटेन्स नावाचं एक चिमुकलं मॉस आहे. फॅस्कम ही प्रजाती म्हणजे तेव्हा झाकण नसलेल्या यच्चयावत बुटक्या मॉसची धर्मशाळा होती. पुढे 1849 मध्ये ब्रुख आणि शिंपर यांनी त्यातून हे मॉस बाहेर काढून त्याला फिस्कोमिट्रेला पेटेन्स म्हटलं. दोनच वर्षांनी विल्यम मिटन या इंग्रजानं त्याला फिस्कोमिट्रियम या मोठ्या प्रजातीत नेलं. मिटनचं कोणी फारसं ऐकलं नाही. फिस्कोमिट्रियमला दांडा असतो आणि झाकणही असतं, याला दोन्ही नाही. मग ते तिथं कसं बसणार, असा सरळ युक्तिवाद होता.

मधल्या काळात या मॉसचं नशीब पालटलं. 1962 साली हॅरोल्ड व्हाइटहाउस यांनी इंग्लंडमधल्या ग्रॅन्सडेन वुड इथून त्याचा नमुना आणला. व्हाइटहाउस केंब्रिजचे आनुवंशिकीतज्ज्ञ, आणि मॉसचे अट्टल शोधकही. मॉसच्या मुळांसारख्या तंतूंवर जमिनीखाली सूक्ष्म कंद असतात, याचा युरोपभर पाठपुरावा त्यांनीच केला. त्यांनी आणलेल्या नमुन्यातला एक बीजाणू वाढवला गेला, आणि त्या एका बीजाणूची संतती जगभरच्या प्रयोगशाळांत पसरली. 1997 साली स्विस शास्त्रज्ञांनी दाखवलं की या मॉसच्या जनुकांत हव्या त्या जागी नेमका बदल करता येतो. तेव्हा इतर कोणत्याही वनस्पतीत हे इतक्या सहज जमत नव्हतं. 2008 मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. बी न धरणाऱ्या जमिनीवरच्या वनस्पतींतला तो पहिला जीनोम. काठच्या चिखलात दोन महिने जगणारं मॉस साऱ्या वनस्पतिशास्त्राचं लाडकं झालं. वर्षानुवर्षं तुकडे करून वाढवल्यामुळे ग्रॅन्सडेनच्या वाणाची बीजाणू धरण्याची ताकद मात्र घसरली, आणि 2006 साली जर्मनीत फ्रायबुर्गजवळच्या रॉयटे इथून ताजा वाण गोळा करावा लागला. प्रयोगशाळेतलं ऐश्वर्य चिखलाची भरपाई करत नाही, असं म्हणायचा मोह होतो.

प्रसिद्धीबरोबर तपासही वाढला. फ्रिट्झ फॉन व्हेटश्टाइन यांनी 1920 च्या दशकातच फ्युनारिएसी कुळातल्या वेगवेगळ्या प्रजातींचे संकर करून दाखवले होते. म्हणजे या प्रजातींमधल्या भिंती फार जाड नाहीत हे तेव्हाच कळायला हरकत नव्हती. डीएनएनं ते स्पष्ट केलं. फ्युनारियाचा लांब दांडा आणि पूर्ण दात, मग फिस्कोमिट्रियमचा लहान दांडा आणि दात नसलेलं तोंड, शेवटी फिस्कोमिट्रेलाचा बुडालेला गोळा, अशी उतरती भाजणी जुन्या पुस्तकांत फार सुबक दिसे. 2012 मध्ये लियू, बडकी आणि गॉफिनेट यांच्या अभ्यासानं ती मोडली. फ्युनारिएसी कुळात संपुटावरून केलेल्या प्रजाती नात्यांशी जुळत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. फिस्कोमिट्रेला म्हणून एकत्र ठेवलेल्या जाती एकमेकींच्या बहिणी निघाल्या नाहीत. फिस्कोमिट्रियममधल्या वेगवेगळ्या फांद्यांवर दांडा स्वतंत्रपणे आखूड झाला होता. काहींच्या मागे दोन जातींचा संकर आणि गुणसूत्रांची दुप्पट असाही प्रकार होता. मिटनची बाजू दीडशे वर्षांहून अधिक काळानं खरी ठरली, आणि आज बरोबर नाव फिस्कोमिट्रियम पेटेन्स आहे. प्रयोगशाळांतले लोक बराच काळ जुन्या नावाला चिकटून राहिले. हजारो शोधनिबंध ज्या नावानं छापले गेले ते एका दिवसात कोण सोडेल?

एफिमेरमची कथा याहून जास्त बोलकी आहे, पण तिच्यात नाट्य कमी. हेही दांडा नसलेलं, हेही चिखलावरचं; म्हणून त्याला फ्युनारियाच्या आसपास बसवलं जाई. डीएनए पाहिल्यावर ते भलत्याच घराण्यातलं निघालं, भिंतींवर आणि रस्त्याकडेला वाढणाऱ्या पॉटिएसी मंडळींपैकी. मायक्रोमिट्रियम हे एफिमेरमचं जुळं भावंड समजलं जाई. तेही वेगळंच निघालं, इतकं वेगळं की 2011 साली त्याच्यासाठी मायक्रोमिट्रिएसी हे नवं कुळ मांडावं लागलं. तीन बुटकी मॉस एकाच चिखलावर, एकमेकांपासून हातभर अंतरावर, आणि तिघांची घराणी तीन.

यावरून कोणी म्हणेल, मग भिंग कशाला, सरळ डीएनए पाठवावा. हे मला पटत नाही. डीएनएला पाठवायचा नमुना चिखलातून आधी कोणीतरी शोधून काढावा लागतो, आणि शोधणाऱ्याला काय वेगळं आहे हे दिसावं लागतं. शिवाय मोठ्या खुणा फसव्या निघाल्या म्हणून लहान खुणा फसव्या ठरत नाहीत. एफिमेरम आणि मायक्रोमिट्रियम यांचाच दाखला घ्या.

वीस पट भिंगाखाली एफिमेरम असं दिसतं. चिखलावर बारीक हिरव्या तंतूंची जाळी पसरलेली असते. हे त्याचं प्रोटोनीमा, म्हणजे बीजाणूतून पहिल्यांदा निघणारं तंतुजाळ. इतर मॉसमध्ये रोप उभं राहिलं की ते विरून जातं, इथं ते शेवटपर्यंत राहतं आणि अन्न बनवायचं बरंचसं काम तेच करतं. जाळीत अधूनमधून पाच-सात पानांचा एक झुबका, पानांच्या कडेला दात, आणि झुबक्याच्या पोटात पिकत चाललेला नारिंगी-तपकिरी गोळा. गोळ्याला वर बारीकसं टोक असतं. आता तो गोळा काचपट्टीवर ठेवून हलकेच दाबा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याची भिंत पाहा. एफिमेरम असेल तर भिंतीत रंध्रं सापडतात. मायक्रोमिट्रियम असेल तर रंध्र एकही नाही, टोकही जवळजवळ नाही, आणि मधोमध लहान पेशींचा एक पट्टा कंबरेसारखा फिरलेला दिसतो. संपुट पुढे तिथंच फाटतं. 1957 साली ब्रायन आणि अँडरसन यांनी उत्तर अमेरिकेतल्या या मंडळींचा आढावा घेतला, तेव्हा डीएनए कोणाच्या हाती नव्हता. तरी ही दोन मॉस वेगळी आहेत हे भिंगवाल्यांना ठाऊक होतं. किती वेगळी, तेवढं मागाहून कळलं.

एफिमेरमच्या आत शिरलं की पानाची मधली शीर पाहायची. एफिमेरम सेराटमच्या पानाला शीर नसते, रिकर्व्हिफोलियमच्या पानाला ती ठळक असते आणि पान मागे वळतं. सेराटम आणि मिन्युटिसिमम यांचा निवाडा मात्र पानांवर होत नाही, बीजाणूंवर करावा लागतो. त्यामुळे कच्चा नमुना घेऊन निकाल देऊ नये. चिखलाचा तो तुकडा झाकणाच्या पारदर्शक डबीत, थेट ऊन लागणार नाही अशा खिडकीत ठेवावा आणि संपुटं पिकू द्यावीत. फिस्कोमिट्रियम पेटेन्सला नर-मादी अवयव धरायला लहान दिवस आणि थंडावा लागतो. प्रयोगशाळेत साधारण 15 अंश तापमान आणि आठ तासांचा उजेड देतात. म्हणूनच युरोपात ते उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदात पिकतं. मोसम हीसुद्धा ओळखीची खूण आहे, आणि पुस्तकांत ती उगाच शेवटच्या ओळीत ढकललेली असते.

काठाचा नकाशा ही दुसरी दुर्लक्षित खूण. आयर्लंडच्या चुनखडीच्या भागात टर्लॉख नावाची तळी आहेत. ती पावसाळी हिवाळ्यात जमिनीखालून भरतात आणि उन्हाळ्यात त्याच वाटेनं रिकामी होतात. तिथल्या दगडांवर सिंक्लिडोटस नावाचं काळपट मॉस एका ठरावीक उंचीपर्यंतच असतं, आणि तळं कोरडं असतानाही पाणी कुठवर चढतं हे त्यावरून वाचता येतं. हे मॉस आपल्या गटातलं नाही, चांगलं बोटभर असतं. पण तळ्याचा माणूस आधी त्याच्याकडे पाहतो आणि मग गुडघे टेकून खालच्या चिखलाकडे वळतो. दक्षिण बोहेमियात त्रेबॉनजवळ मध्ययुगापासूनचे मत्स्यतलाव आहेत, त्यातला सर्वांत मोठा रोझम्बेर्क 1590 साली पुरा झाला. तिथं तलाव आळीपाळीनं एखादा उन्हाळा कोरडे ठेवायची जुनी रीत होती, गाळाला ऊन द्यायला. माशांसाठी केलेली ती सोय चिखलावरच्या मॉसच्या पथ्यावर पडली. आता सारखं पाणी ठेवून आणि खत टाकून जास्त मासे काढायचे म्हटल्यावर ती रीत मागे पडते, आणि तिच्याबरोबर हे मॉसही. नदीला बांध घालून पातळी एकसारखी केली की तोच परिणाम. यांना पूर मारत नाही, दुष्काळही मारत नाही. पाणी वर्षभर जिथल्या तिथं राहिलं की ती संपतात.

आपल्याकडे काय आहे? पाया आहे. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी एल. जे. सेजविक यांनी जमवलेली मॉस इंग्लंडात एच. एन. डिक्सन यांनी तपासली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम घाटाच्या मॉसची यादी उभी राहू लागली. गांगुली यांचे पूर्व भारताच्या मॉसवरचे खंड 1969 ते 1980 या काळात निघाले आणि देशभर वापरले जातात. खंडाळा आणि महाबळेश्वरच्या मॉसवर जी. टी. दाभाडे यांचं पुस्तक आहे. फिस्कोमिट्रियम आणि आर्किडियम या दोन्ही प्रजाती भारतात नोंदलेल्या आहेत. पण या कामाची नजर बहुतेक वेळा घाटाकडे, झाडाच्या खोडांकडे, ओलसर कपारींकडे राहिली. ते साहजिकच आहे, तिथं मॉस हाताला लागतं. जायकवाडी, उजनी, नांदूर मधमेश्वर इथले काठ आपण पक्ष्यांसाठी पालथे घातले. त्याच काठावर दुर्बीण बाजूला ठेवून बसणारा क्वचित. आपला चिखल युरोपच्या उलट्या मोसमात उघडा पडतो, थंडीत आणि त्यानंतर, आणि मार्चच्या उन्हात झपाट्यानं तडकतो. म्हणजे इथला अवधी तिथल्याहूनही तुटपुंजा असणार. तेव्हा पुस्तकातली ओळख पटवायची युरोपी चावी इथं जशीच्या तशी लावू नये. पाच पायऱ्या जुळल्या आणि सहावी अडली, तर सहावी बळंच जुळवण्यापेक्षा नमुना ‘अनिश्चित’ म्हणून ठेवणं केव्हाही चांगलं.

सामान फार लागत नाही. दहा आणि वीस पटींचं भिंग, बोथट सुरी, चपट्या डब्या, जुन्या वर्तमानपत्राची पाकिटं, बसायला गोणपाट. चिखलाचा पापुद्रा दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचा, बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडीचा उचलावा आणि सावलीत वाळवावा. पिशवीत कोंबला तर घरी पोचेपर्यंत फक्त माती उरते. जिथं चार-दोनच रोपं आहेत तिथून काही उचलू नये, फोटो घ्यावा. गाळपेरीच्या रानात उतरण्याआधी ज्यानं पेरलं आहे त्याला विचारावं. आणि पाकिटावर गाव, धरण, तारीख यांबरोबर पाण्याच्या कडेपासून किती पावलांवर नमुना मिळाला, हे तिथंच, त्याच वेळी, पेन्सिलीनं लिहावं. शाई ओलीत पसरते.